चिरे आणि खडी तासभर थांबू शकतात

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी

महोदय,
स. न. वि. वि.

साळवी स्टॉप ते कुवारबाव या पट्ट्यात, मिऱ्या-नागपूर महामार्गाला लागून असलेल्या एका शाळेत मी शिकवते. शाळेचं नाव देत नाही. रस्त्याकडेच्या दुसऱ्या कुठल्याही शाळेची गत याहून वेगळी नसणार. आमच्या वर्गाला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत. मैदानाकडचे गज ओल्या फडक्याने पुसले की फडकं तांबडं होतं. ती आपली जांभ्याची धूळ, तिच्यातच आम्ही वाढलो. रस्त्याकडचे गज पुसले की फडकं काळं, चिकट होतं आणि साबण लावूनही डाग हटत नाही. ही गाड्यांची काजळी. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे.

हा विषय काढला की हमखास ऐकावं लागतं, "आपल्याकडे समुद्राची हवा, इथे कसलं आलंय प्रदूषण?" समुद्राची हवा आहे, पण ती शाळेच्या वेळेला नाही. खारे वारे सुटतात ते ऊन चढल्यावर, अकरा-बाराच्या सुमारास. सकाळी शाळा भरते तेव्हा मतलई वाऱ्यातही दम नसतो, हवा पडलेली असते. थंडीत तर धूर वर न जाता रस्त्यावरच रेंगाळतो. नेमक्या त्याच वेळी डंपर, चिऱ्यांचे ट्रक, एसटी आणि मुलांनी भरलेल्या रिक्षा एकमेकांना खेटून उभ्या असतात. रिक्षात दाराकडेला बसलेल्या पोराचं तोंड आणि शेजारच्या टेम्पोचा सायलेन्सर यांत किती अंतर असतं, ते एकदा येऊन बघा. मुलं ठेंगणी, म्हणून धुराच्या जवळ. शिवाय वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

आणि आम्ही पालक-शिक्षक काही कमी नाही. फाटकाशी मुलाची वाट बघत दुचाकी चालूच ठेवायची, ही इथली रीत झाली आहे.

हवेचं मोजमाप बहुधा एका जागी बसवलेल्या यंत्राने होतं आणि त्यातून चोवीस तासांची, वर्षाची सरासरी निघते. आपल्या देशात पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. पण मूल काही सरासरीत राहत नाही. ते घरातून निघतं, नाक्यावर थांबतं, रिक्षात बसतं, फाटकाशी उभं राहतं. प्रवासाचा वेळ दिवसातला थोडकाच असतो, पण काजळीचा मोठा वाटा तेवढ्यात पोटात, म्हणजे फुप्फुसात जातो. बार्सिलोनात ३९ शाळांतल्या २,७०० हून अधिक मुलांची वर्षभर तपासणी झाली. कमी धुराच्या शाळांत कार्यकारी स्मृती, म्हणजे ऐकलेलं-वाचलेलं तेवढ्यापुरतं डोक्यात धरून त्यावर काम करण्याची ताकद, ११.५ टक्क्यांनी वाढली, जास्त धुराच्या शाळांत ७.४ टक्क्यांनीच. पालकांना मी हेच सांगते, कारण खोकल्याने न घाबरणारा माणूस मार्कांनी घाबरतो.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई आहेत, रत्नागिरी नाही. मोहोरासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला बागायतदाराच्या मोबाइलवर येतो, याचा मला आनंदच आहे. शाळेच्या फाटकावरच्या हवेबद्दल मात्र कोणी कोणाला काही कळवत नाही.

मागणं मोठं नाही. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाखाली ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळी वाहनांना बंदी घालता येते. गणपतीत चाकरमान्यांसाठी मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनं दरवर्षी थांबवली जातात, आणि कोणाचं काही अडत नाही. मग शाळा भरताना आणि सुटताना तासभर शहरातल्या शाळांसमोरून डंपर आणि चिऱ्यांचे ट्रक बंद ठेवावेत. मिरकरवाड्याहून निघणारी मासळी अडवू नका, ती नासते. चिरे आणि खडी नासत नाहीत.

दुसरं, फाटकावरची हवा मुलाच्या नाकाच्या उंचीवर, शाळेच्या वेळेत मोजून घ्या. काही मुलांच्या दप्तराला छोटं यंत्र लावून घर ते वर्ग असा पूर्ण रस्ता मोजता आला तर उत्तमच. ही स्वस्त यंत्रं आपल्या दमट हवेत आकडा फुगवतात. म्हणून आधी ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यंत्राशेजारी ठेवून पडताळावी लागतील, आणि पावसाळ्यात तर वापरूच नयेत.

फाटकाशी गाड्या बंद करायला लावण्याचं काम आम्ही पालक-शिक्षक संघाकडून करून घेऊ, त्यासाठी पोलीस नको. ट्रक मात्र आमच्या शिट्टीला थांबणार नाहीत, तिथे तुमचीच सही लागेल. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा थंडी सुरू झालेली असते. आदेश त्याआधी निघावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, रत्नागिरी