चिठ्ठी वाचलीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या केंद्रात अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर शनिवारी झालेल्या चर्चासत्राची बातमी कालच्या अंकात वाचली. दीपप्रज्वलन कोणी केलं, प्रास्ताविक कोणाचं होतं, आभार कोणी मानले, सगळं आलंय. शेवटच्या पंधरा मिनिटांबद्दल एक ओळही नाही. मी तिथे होतो, म्हणून लिहितो.

वक्ते चांगले बोलले, हे आधी सांगतो. राज्यघटनेच्या कलम १९ मधलं स्वातंत्र्य आणि त्याच कलमातल्या मर्यादा एका मॅडमनी इतक्या सोप्या करून सांगितल्या की वहीत चार पानं उतरवून घेतली. राजद्रोहाचं कलम १२४-अ सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये थांबवलं आणि नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आलं, हेही नीट कळलं. एकांनी पत्रकार शोएबुल्ला खान यांचं नाव घेतलं. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांविरुद्ध ‘इमरोज’ या आपल्या उर्दू दैनिकात लिहिलं म्हणून २२ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादेत त्यांचा खून झाला. सभागृह अगदी शांत झालं होतं.

मग प्रश्नोत्तरं. माईक कोणालाच नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, निवडक घेऊ, असं जाहीर झालं. एक सर टेबलाशी बसून चिठ्ठ्या बाजूला काढत होते. पाच वाचल्या. त्यातल्या तीन ‘तरुणांना काय संदेश द्याल’ अशा होत्या. माझी वाचली नाही. कार्यक्रम संपल्यावर विचारायला गेलो, तर सर म्हणाले, “काका, तुमचा प्रश्न फार स्थानिक होता.”

माझा प्रश्न असा होता : तालुक्याचा वार्ताहर ज्याच्याविरुद्ध बातमी देतो, त्याच्याकडेच जाहिरात मागायला गेला, तर त्याचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य नेमकं कुठे उरतं?

मी गोदाकाठच्या एका तालुक्यातून बावीस वर्षं बातम्या दिल्या. चार वर्षांपूर्वी लिलाव न झालेल्या घाटावरून रात्री वाळूचे हायवा ट्रक निघतात, अशी फोटोसह बातमी दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटारसायकलवर दोघं घरी आले. मी नव्हतो. एकाचं नाव घेऊन बायकोला म्हणाले, “साहेबांना सांगा, लेकरंबाळं आहेत, रात्रीचं फिरू नका.” मी पोलीस ठाण्यात गेलो. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१७ चा कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आहे, हे मला पाठ होतं. पण त्याच कायद्यात पत्रकार कोण, तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी नेमणुकीवर आहे तो. ठाण्यात म्हणाले, “नेमणुकीचा कागद आणा.” दैनिकाच्या जिल्हा कार्यालयाला फोन केला. उत्तर आलं, तुम्ही मानधनावर आहात, पत्र देता येत नाही. शेवटी साधी अदखलपात्र नोंद झाली.

त्याच महिन्यात त्याच कार्यालयातून वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिरातींचं टार्गेट आलं, चाळीस हजार रुपयांचं. त्या दोघांनी ज्यांचं नाव घेतलं होतं, त्यांच्याच वाड्यावर मी जाहिरातीचा फॉर्म घेऊन गेलो. त्यांनी चहा दिला आणि पूर्ण पान दिलं. त्यानंतर मी वाळूवर एक ओळ लिहिलेली नाही. हे आज पहिल्यांदाच कागदावर उतरवतोय.

संपादक महाराज, यात काय स्थानिक आहे? दिल्लीच्या वाहिन्या कोणाच्या मालकीच्या आहेत यावर पाऊण तास बोलणं झालं, ते व्हायलाच हवं. पण पुढच्या रांगांत वृत्तपत्रविद्येची मुलं बसली होती. त्यातली बरीच दोन वर्षांत माझ्याच जागी उभी असणार. त्यांच्या हातात कायद्याची कलमं असतील, नेमणुकीचं पत्र नसेल आणि खिशात जाहिरातीचा फॉर्म असेल. त्यांना हे त्या सभागृहात कोणी सांगायचं?

आमचे आजोबा गश्ती निशाण ५३ ची गोष्ट सांगायचे. निजाम सरकारचा १९२९ चा हुकूम : सभा घ्यायची तर आधी परवानगी. त्याच राज्यात १९३७ ला परतूरला तिथल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, माणसं उभी राहून बोलली. मी विद्यापीठाच्या केंद्राची तुलना निजामाशी करत नाही. पण कोणी काय विचारायचं हे टेबलावरच्या माणसाने ठरवावं, तेही अभिव्यक्तीवरच्या कार्यक्रमात, हे मला सहन झालं नाही आणि होणार नाही.

आणखी एक. पत्रिकेवर साडेपाच लिहिलं होतं. पाहुण्यांची वाट पाहत सुरुवात झाली सहा वीसला. गावाकडची शेवटची एसटी सव्वाआठची. माझ्याबरोबर आलेल्या दोघी शिक्षिका मुख्य भाषण अर्धवट टाकून उठल्या. हे कार्यक्रम मराठवाड्यासाठी आहेत म्हणता, तर तालुक्यातला माणूस मुक्कामाला कुठे जाणार, याचा विचार वेळ ठरवताना करा. दुपारी ठेवा.

त्या तीन वक्त्यांपैकी कोणीही माझ्या प्रश्नावर चार ओळी लिहून दिल्या, तर कृपया छापाव्यात. आणि तुमच्या दैनिकात तालुका वार्ताहरांना नेमणुकीचं पत्र मिळतं का, हेही त्याच चौकटीत छापावं.

आपला,
एक माजी तालुका वार्ताहर, जि. परभणी