ज्वारी निघाली की मुलांना रानात आणू का?

सोलापूर

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "माती बघून पोरांचं पोट भरंल का?" तेव्हा तासाची घंटा झाली, म्हणून आज लिहिते.

पुरातत्त्व म्हटलं की माझ्या विद्यार्थ्यांना नाणी, मूर्ती दिसतात. मी त्यांना आधी माती वाचायला बसवते. खड्ड्याची उभी बाजू गवंड्याच्या करणीने तासायची, थरांच्या रेघा आखायच्या, रंग तक्त्याशी ताडायचा. मग चिमूटभर माती ओली करून बोटांत मळायची: वळी झाली तर चिकण, करकरली तर वाळू. आपल्या काळीत तर जास्तच जपावं लागतं. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरचं खापर आत घरंगळतं, पावसात भेग मिटते. हे माहीत नसलेला माणूस ते खापर खालच्या थराइतकं जुनं धरून बसतो.

शिरूरकडच्या घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे 1968 ते 1983 उत्खनन झालं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांनी पाण्यासाठी बांध घातला होता, पाट काढला होता. शेवटी मात्र चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. पावसाने ओढ दिली होती का, हे नुसत्या खापरांवरून कळत नाही. नदीचा गाळ वाचणारा लागतो. दुष्काळ बघितलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनी हे शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

पोटाचं म्हणाल, तर पुरातत्त्व खात्यात जागा थोड्याच निघतात. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. पण थर नोंदणं, नमुने घेणं, नकाशा करणं ज्याला येतं, त्याला भूजल सर्वेक्षणात किंवा धरण-पुलांच्या पाया-तपासणीतही काम मिळू शकतं. अडचण निराळीच आहे. इतिहासाची मुलं रसायनशास्त्राला भितात आणि भूशास्त्राच्या मुलांनी खापर हातात धरलेलं नसतं. म्हणून मी दोघांची जोडी लावते.

ज्वारी निघाली की त्यांना आपल्या रानात आणू का? बाबा, विहीर खणताना काळीखाली चुनखडी किती खोल लागली, मुरूम कुठे सुरू झाला, हे तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ते जास्त ऐकतील. आई, माळवदावर टाकायला तू जुन्या गावठाणातल्या पांढरीची माती आणायचीस, तिच्यात राख आणि खापराचे तुकडे निघायचे. ती कुठून उकरायचीस, तेवढी जागा दाखव. तिथे खणणार नाही, परवानगी लागते. पावसाने तुटलेली कड फक्त बघू.

जेवायला पिठलं-भाकरी पुरे. भाकरी थापायला मी आदल्या दिवशीच येते, तू एकटी राबू नकोस. बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
सुमन