आई-बाबांना पत्र, मेंढ्यांच्या कुंपणाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परतीचा पाऊस थांबलाय आणि जमिनीत अजून ओल आहे, तेव्हा खड्डे खणायला हीच वेळ. पौषात मुरूम असा घट्ट होतो की पहार उडते. बाबा, खड्डे तुम्ही खणायचे नाहीत, गडी लावा. तुमच्या हातात दोरी आणि ओळंबा (खांब सरळ उभा आहे का ते बघायचा) असू द्या, कारण काम बिघडतं ते तिथंच.

सातबाऱ्यावर दोन एकर आहे एवढ्यावर बांधाला खांब रोवू नका. आधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या. खुणा पडल्या की दीड फूट आत दोरी धरा. शेजाऱ्याचा नांगर जाळीला लागत नाही आणि बाहेरून दुरुस्तीला जागा राहते. कोपरा काटकोनात यायला एका बाजूला 12 फूट, दुसऱ्या बाजूला 16 फूट मोजा. तिरकं अंतर बरोबर 20 भरलं पाहिजे.

रान 330 बाय 264 फूट धरलं तर घेर 1188 फूट होतो. दर 10 फुटांना खांब, म्हणजे सिमेंटचे 118 आणि फाटकाला जाड लोखंडी पाइप दोन. तिरके टेकू 24. फुटतूट धरून सिमेंटचे 150 सांगा. खांब 7 फुटी, 2 फूट जमिनीत. गाडी रिकामी करताना प्रत्येक खांब बघून घ्या: आडवी चीर असेल तर परत. ओतून महिना न झालेले कच्चे खांब तार ओढताना मधोमध मोडतात.

आता कोपरे. पैसा वाचवायचा तर कुठंही वाचवा, इथं नाही. जाळी आणि तारांचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो. कोपरा आत झुकला की अख्खी बाजू ढिली पडते आणि नंतर कितीही ओढली तरी उभी राहत नाही. म्हणून कोपऱ्याच्या खांबाला दोन टेकू, दोन्ही कुंपणांच्या रेषेत, खांबाच्या दोन तृतीयांश उंचीवर टेकवलेले. फाटक एका कोपऱ्यात येईल, त्या कोपऱ्याच्या पाइपला एक पुरे, कारण फाटकाच्या बाजूनं ओढ नसते. फाटकाच्या दुसऱ्या पाइपलाही एक. शिवाय प्रत्येक बाजूला साधारण शंभर-शंभर फुटांवर ताणाचे दोन खांब, त्यांना दोन्हीकडून टेकू. एवढे खांब आणि टेकूंचे पाय 1:2:4 काँक्रीटमध्ये, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. सिमेंटची 13-14 पोती लागतील. आठवडाभर त्यावर पाणी मारा, आणि मगच तार. बाकीच्या खांबांना दगडगोटे आणि मुरूम थराथरानं धुमसून भरला की झालं.

खालच्या अंगाला काळी माती आहे, तिथं दोन फुटांवर थांबू नका. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब डुलायला लागतो. मुरूम लागेपर्यंत खोल जा आणि तेवढे खांब 8 फुटी घ्या.

जाळी 4 फूट उंच, 3 इंची घराची (घर म्हणजे जाळीचं भोक), 10 गेजची (गेज म्हणजे तारेची जाडी). 50 फुटांचे 24 गुंडाळे. घर यापेक्षा मोठं घेतलं तर कोकरू डोकं घालतं आणि अडकतं. दुकानात जाळी किलोवर विकतात, तेव्हा तारेचा गेज स्वतः मोजून घ्या. तार तारेभोवती घट्ट गुंडाळून बघा. जस्ताचे पोपडे सुटले तर ती दोन पावसाळ्यांत गंजेल. जाळी पेलायला वर, मध्ये आणि खाली अशा तीन साध्या तारा, 10 गेजच्याच, 75 किलो. तार एका ताणाच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पुलरनं, म्हणजे तार ताणायच्या अवजारानं, ओढा. कोपऱ्यावरून वळवून कधीच ओढू नका, कोपरा आत येतो. काटेरी तार एकच आणि ती जाळीच्या वर, 40 किलो. खाली काटेरी लावली की लोकर अडकते, मेंढरू झटके देतं आणि कातडी फाटते.

खालून कुत्रं आणि लांडगा उकरतो. जाळी जमिनीला टेकवून बाहेरच्या अंगानं दगडांची ओळ दाबून बसवा. ओघळीतून मात्र जाळी सरळ नेऊ नका. पाचोळा आणि काटक्या अडकून ती पाणी अडवते आणि दोन्हीकडचे खांब उपटून नेते. तिथं जाळीचा सुटा तुकडा फक्त वरून लोंबता बांधा, लोंढा आला की तो उचलला जाईल.

शेजारी झटका मशीन सुचवतील, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी. पिकाला ती ठीक आहे, मेंढरांना तिच्या भरवशावर सोडू नका. लोकरीतून झटका पोचत नाही आणि कोरड्या जमिनीत अर्थिंगही धड मिळत नाही. घरची लाइट तारेत सोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याला बांधावरूनच परत पाठवा. माणूस मरतो त्यानं.

फाटक 10 फुटी, दोन पाखांचं आणि कोपऱ्यातच. मेंढरं कुंपण धरून चालत कोपऱ्यात जमतात, तिथून ती आपोआप बाहेर निघतात. मधोमध फाटक केलं तर रोज संध्याकाळी पळापळ, आणि ती तुमच्या गुडघ्यांना नको. आई, बाहेरून कुंपणाला घायपात लाव. कण्हेर नको, पानं विषारी असतात.

एवढं करूनही बिबट्या अडत नाही. रात्री मेंढरं बंदिस्त वाड्यातच.

काम संपलं की कापलेल्या तारांचे तुकडे लोहचुंबकानं वेचून घ्या. चाऱ्यातून गाईच्या पोटात गेले तर काळजापर्यंत टोचतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक फेरी मारा आणि डुललेले खांब कुठले ते फोनवर सांगा. गडी आणि पैसे मी बघते.

तुमची,
शैला