धाकट्याच्या भूगोलाविषयी

एन्स्खेडे, नेदरलँड्स
दि. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

धाकटा भूगोल घेऊन बी.ए. झाला आणि आता त्याला बी.एड.ला घालावे असे घरात चालले आहे, हे आईकडून समजले. शिक्षकाचा पेशा मी कमी लेखत नाही; मला नकाशा वाचायला शिकवले तेही गुरुजींनीच. परंतु भूगोल शिकलेल्याला शिकवण्यावाचून दुसरी वाट नाही, असे मानून निर्णय होऊ नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी येथे ज्या संस्थेत शिकते, ती १९५० साली हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्याचे शिक्षण देण्यासाठी निघाली. सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रह वा विमानातून जमिनीची पाहणी, शिकवणारी आपल्याकडची डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ साली नेदरलँड्स सरकारच्याच सहकार्याने उभी राहिली आणि आज ती इस्रोच्या अखत्यारीत आहे. तिचे काही अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य करता येतात आणि क्यूजीआयएस ही नकाशांची संगणकप्रणालीही फुकट मिळते, त्यामुळे आरंभासाठी पैशाची चिंता नाही.

उपग्रहाच्या प्रतिमांवरून रावेर-यावलकडील केळीखालचे क्षेत्र मोजणे, तापीचे पुराचे पाणी कोठवर चढेल ते दाखवणे, २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेप्रमाणे गावठाणातील मिळकतींचे ड्रोनद्वारे नकाशे करणे, अशी या शिक्षणानंतरची कामे आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे व भूस्थानिक, म्हणजे जागेशी जोडलेल्या, माहितीवरील बरेच निर्बंध उठवल्यापासून खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र मोकळे झाले आहे. सरकारी बाजूस १७६७ पासूनचा भारतीय सर्वेक्षण विभाग आहे, नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. मात्र काही पदे अभियंत्यांसाठी किंवा भूशास्त्राच्या पदवीधरांसाठीच असतात, तेव्हा प्रत्येक जाहिरातीतील पात्रता त्याने नीट वाचावी. स्पर्धा परीक्षेत भूगोलाचा उपयोग होतो हे खरे, पण जागा थोड्या आणि वर्षे फार जातात. केवळ तिच्यावर विसंबू नये.

माझी निवड झाली तेव्हा गुणांपेक्षा मी स्वतः केलेल्या नकाशांविषयीच मला अधिक विचारले गेले. म्हणून मला सुचते ते असे, की त्याने आपल्या पांझरेवरच्या फडांचा नकाशा करावा. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, एका फडात सर्वांचे एकच पीक आणि पाणी वाटणारा पाटकरी, ही शतकानुशतकांची व्यवस्था आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे, परंतु आज कोणता बंधारा चालू आहे, कोणता गाळाने भरला आणि कोणत्या फडात विहिरी झाल्या, हे एका नकाशावर मांडून दाखवले तर ते काम त्याच्या पदवीपेक्षा अधिक बोलेल. त्या शिवारात वाढलेल्या मुलाला जे दिसेल, ते माझ्या येथील सहाध्यायांना वर्षभर राहूनही दिसणार नाही.

तेव्हा बी.एड.चा विचार एक वर्ष थांबवावा, ही विनंती. पुढे भूगोल किंवा भूमाहितीशास्त्रात (जागेविषयीची माहिती संगणकावर हाताळण्याच्या शास्त्रात) पदव्युत्तर प्रवेश मिळाल्यास शुल्क मी पाठवीन. तूर्त त्याला आपल्या म्हाताऱ्या पाटकऱ्यांकडे पाठवावे आणि बंधाऱ्यांची जुनी नावे लिहून घ्यायला सांगावे. पावसाळ्यापूर्वी नदी कोरडी असते, तेवढ्यात त्याला काठाने चालत जाऊन सर्व बंधारे पाहता येतील.

आईस साष्टांग नमस्कार.

आपली,
ताई