झडप पुण्यात बसवा, तपासण्या सोलापुरातच होऊ द्या : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) सदस्यांच्या हृदयाच्या झडपांवर छाती न उघडता होणारे उपचार, त्याआधीच्या तपासण्या आणि मंजुरी

मा. महोदय,

पत्र मुद्दाम मराठीत लिहीत आहोत. आपल्या कार्यालयात भाषांतराची सोय आहे, सांगोल्याच्या किंवा अक्कलकोटच्या माजी सैनिकाकडे ती नाही, आणि यातला निम्मा मजकूर त्याच्या घरच्यांच्या कामाचा आहे.

आम्ही सोलापुरात टू-डी इको, सीटी आणि कॅथलॅबचं (धमनीतून नळी घालून हृदयाच्या तपासण्या-उपचार होतात ती खोली) काम करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ. नवं हॉस्पिटल मागत नाही. मांडीतल्या धमनीतून महाधमनीची झडप बसवण्याचं काम, म्हणजे टावी, पुण्यात होतं ते तिथेच व्हावं. मात्र त्याआधीचं आणि नंतरचं जवळजवळ सगळं काम सोलापुरात होऊ शकतं. तशी लेखी व्यवस्था नसल्यामुळे पंचाहत्तरी-ऐंशीतला पेशंट २५० किलोमीटरच्या खेपा घालत राहतो आणि आजार तोवर पुढे सरकतो. ती व्यवस्था करणं आपल्या खात्याच्या हातात आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. वयानुसार महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचतं आणि तिच्या पाकळ्या ताठ होतात. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. हे तोंड १ चौरस सेंटिमीटरच्या खाली आलं, रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरवर किंवा सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक) पाऱ्याच्या ४० मिमीवर गेला की आजार तीव्र धरतात. त्यात धाप, छातीत दुखणं किंवा चालताना चक्कर यातलं काही सुरू झालं की गोळ्यांनी भागत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर चाचणीत ओपन हार्ट न झेपणारे रुग्ण घेतले होते. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षाच्या आत दगावले, टावी झालेल्यांपैकी ३०.७ टक्के. मंजुरीची फाईल तीन महिने टेबलांवर फिरली तर काय होऊ शकतं, ते या आकड्यांवरून कळावं.

फौजी माणसाचा आजार उशिरा कळतो, त्याला नोकरीतली एक सवय कारणीभूत आहे. धाप लागते म्हटलं की मेडिकल कॅटेगरी खाली येणार आणि प्रमोशन अडणार, म्हणून शेप-वन ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी टिकवायला त्रास दाबून ठेवायचा. पेन्शनीत आल्यावरही हे सुटत नाही. ‘कसं काय, सुभेदार साहेब?’ विचारलं की ‘एकदम फिट’ हेच उत्तर. त्यामुळे ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये प्रश्न वेगळा विचारायला हवा : मागच्या दिवाळीला एका दमात चढायचा तो जिना आता चढताना मध्ये थांबता का? आणि बाईंना विचारावं की साहेबांनी शेतावर चालत जाणं कधी बंद केलं. पासष्टीपुढच्या प्रत्येक सदस्याच्या छातीला वर्षातून एकदा स्टेथोस्कोप लावून मर्मर, म्हणजे झडपेतून येणारा जादा आवाज, ऐकावी आणि कार्डावर नोंदवावी. याला पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.

निदान होईपर्यंतच्या काळात औषधांनी घात होतो. छातीत दुखतंय म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ही नायट्रेटची गोळी देणं ही गावोगावची रीत आहे. अरुंद झडपेच्या पेशंटमध्ये त्याने बीपी एकदम कोसळू शकतं. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, बीपीसाठी दोन गोळ्या, वर लघवी वाढवणारी एक, आणि सोलापूरचा मे महिना. असा पेशंट दुपारी चक्कर येऊन पडला की ‘ऊन लागलं’ म्हणून सलाईन लावून घरी पाठवतात. झडप अरुंद असलेल्या प्रत्येकाच्या ईसीएचएस बुकलेटवर लाल शाईत ‘एओर्टिक स्टेनोसिस, नायट्रेट देऊ नये’ असं लिहिण्याचा आदेश काढायला पैसा लागत नाही.

आता इको. इथे चूक झाली की पुढचं सगळं चुकतं. झडपेचं क्षेत्रफळ काढताना तिच्या खालच्या मार्गाचा व्यास मोजतात आणि त्याचा वर्ग करतात. खरा व्यास २० मिमी असताना १८ मोजला तर मार्गाचं क्षेत्रफळ ३.१४ ऐवजी २.५४ येतं, म्हणजे सुमारे १९ टक्के कमी. मध्यम आजार कागदावर तीव्र होतो. उलटंही घडतं. रक्ताचा सर्वांत जास्त वेग बऱ्याचदा छातीच्या उजव्या बाजूने, पेशंटला उजव्या कुशीवर वळवून सापडतो. घाईत फक्त डावीकडून बघितलं की वेग ३.४ दिसतो आणि रिपोर्टवर ‘मॉडरेट’ लिहिलं जातं. हृदयच अशक्त असेल तर ग्रेडियंट चाळिशी गाठत नाही, तरी झडप खराब असते. अशा वेळी हृदयाचं आकुंचन वाढवणारं डोब्युटामिन देऊन इको करावा, नाहीतर साध्या, बिनडायच्या (शिरेतून रंगद्रव्य न देता केलेल्या) सीटीत झडपेवरचं कॅल्शियम मोजावं. पुरुषात २००० आणि बाईत १२०० युनिटच्या वर आलं तर तीव्र आजाराची शक्यता मोठी. इकोच्या रिपोर्टवर बीपी, व्यास, वेग, सरासरी ग्रेडियंट आणि स्ट्रोक व्हॉल्यूम इंडेक्स (एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताचं शरीराच्या आकारानुसार माप) हे पाच आकडे नसतील तर तो ईसीएचएसने स्वीकारू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. या नियमाने आमच्यातल्या काहींचेही रिपोर्ट परत येतील. येऊ देत.

सर्वांत जास्त वेळ जातो तो सीटीत. झडपेचा आकार सीटीवरच ठरतो, तो अंदाजाने ठरवता येत नाही. सोलापुरात चांगली यंत्रं आहेत, पण ‘सीटी अँजिओ’ एवढंच लिहून आलेल्या चिठ्ठीवर नेहमीची कोरोनरी (हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची) अँजिओ होते. पुण्याला गेल्यावर कळतं की जांघेपर्यंतच्या धमन्या घेतलेल्या नाहीत, किंवा हृदयाचा एकच क्षण टिपलाय. मग सीटी पुन्हा, डाय पुन्हा, आणि क्रिएटिनिन १.६ असलेल्या म्हाताऱ्याच्या मूत्रपिंडांवर दुसरा भार. चिठ्ठीवर एवढं लिहून आलं तर हे टळतं : ईसीजीला जोडलेला हृदयाचा स्कॅन, पूर्ण ठोक्याचा, स्लाईस १ मिमीपेक्षा पातळ; लगेच त्याच डायमध्ये गळ्यापासून मांडीच्या हाडाच्या डोक्यापर्यंत दुसरा स्कॅन; डाय शक्य तितका कमी; क्रिएटिनिन आधी आणि ४८ ते ७२ तासांनी. नाडी मंद करायला बीटा-ब्लॉकर सवयीने देऊ नये, या पेशंटना ते झेपेलच असं नाही. पुण्याला फिल्म किंवा छापील रिपोर्ट न पाठवता मूळ डायकॉम डेटा, म्हणजे यंत्रातल्या प्रतिमांच्या संगणकी फाईल, पाठवावा. पुढची सगळी मोजमापं त्यावरच होतात : झडपेच्या कड्याचा परीघ, कोरोनरीची तोंडं कड्यापासून किती उंचीवर आहेत आणि मांडीची धमनी किती रुंद आहे. उंची १० ते १२ मिमीपेक्षा कमी असेल तर नवी झडप उघडताना कोरोनरी बंद होण्याचा धोका असतो. आणि १४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी जायला धमनी साधारण ५ ते ५.५ मिमी तरी हवी, वेडीवाकडी किंवा कॅल्शियम साचलेली नको.

म्हणून पहिली मागणी : ‘झडप तपासणी’ नावाचं एकच रेफरल. त्यात इको, वरच्या पद्धतीचा सीटी, गरज पडल्यास कोरोनरी अँजिओग्राफी, रक्ताच्या तपासण्या, ईसीजी आणि दातांची तपासणी, सगळं सोलापुरातच. दात कशाला, असं विचारलं जातं. किडक्या दाढेतले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसले तर ती झडप वाचवणं फार अवघड असतं. दाढ आधी काढायची, झडप मग. आज प्रत्येक तपासणीला वेगळी चिठ्ठी, वेगळी तारीख आणि मध्ये एखाद्या चिठ्ठीची मुदत संपणं, असं चालतं. करमाळ्याचा सदस्य तर आधी उलट दिशेला सोलापूरला येतो आणि मग पुण्याला जातो.

दुसरी मागणी पुण्याकडे आहे. लष्कराची एआयसीटीएस ही हृदय व फुफ्फुसांसाठीची संस्था तिथे आहे. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी आणि शल्यचिकित्सकांनी आठवड्यातून एक तास सोलापूरच्या पॉलिक्लिनिकशी व्हिडिओवर बसावं आणि आधी आलेला डायकॉम डेटा बघून निर्णय द्यावा : टावी, ओपन हार्ट की यातलं काहीच नाही. पेशंटने पुण्याला एकदाच जावं, ॲडमिट व्हायला.

‘यातलं काहीच नाही’ हेही उत्तर असतं, कारण टावीचं पीक येऊ नये असंही आम्हाला वाटतं. साठीच्या आतल्या सुदृढ माणसाची झडप जन्मतः दोन पाकळ्यांची असेल तर त्याला बहुधा ओपन हार्टच बरी. त्याला पुढे पंचवीस-तीस वर्षं काढायची आहेत. अंथरुणाला खिळलेल्या, कुणाला न ओळखणाऱ्या नव्वदीतल्या माणसाला झडप बसवून त्याचे दिवस सुधारत नाहीत. अमेरिकेच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६५ ते ८० या वयात दोन्ही पर्याय मोकळे आहेत आणि ऐंशीपुढे टावीला पसंती. म्हणून निर्णयावर शल्यचिकित्सकाचीही सही असावी. एकट्या कॅथलॅबवाल्याची पुरेशी नाही.

तिसरी मागणी पूर्वमंजुरीबद्दल. पुण्याच्या हृदयपथकाचा (वरच्या हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सकांचा) निर्णय झाल्यापासून सात कामकाजी दिवसांत होकार किंवा कारणासह नकार मिळावा. पेशंट फुफ्फुसात पाणी होऊन ॲडमिट असेल तर ४८ तासांत. मंजुरी पद्धतीला द्यावी, झडपेच्या ठरावीक कंपनी-आकाराला देऊ नये. कारण आकार शेवटच्या मोजणीत बदलू शकतो. आयात होणाऱ्या बलूनवाल्या (बलून फुगवून बसवायच्या) झडपा २०, २३, २६, २९ मिमी अशा येतात. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हाल २०, २१.५, २३, २४.५ अशी दीड-दीड मिलिमीटरने चढत ३२ पर्यंत मिळते, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या लँडमार्क चाचणीत ती ३० दिवसांच्या निकालात आयात झडपांपेक्षा कमी पडली नाही. दर-करार करताना सगळे आकार हाताशी राहतील असा करावा. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आली. या झडपांबाबत आपल्या खात्याने मोठ्या संख्येने खरेदीदार म्हणून दर पाडून घ्यायला काय हरकत आहे?

आणि त्याच मंजुरीत पेसमेकर धरावा. झडपेच्या कड्याला लागूनच हृदयाची विद्युतवाहिनी जाते. नवी झडप तिच्यावर दाब देते आणि काहींची नाडी तीस-चाळीसवर येते. बलूनवाल्या झडपेत सुमारे ६ ते १० टक्क्यांना आणि स्वतः उघडणाऱ्या झडपेत त्याहून जास्त जणांना कायमचा पेसमेकर लागतो. आधीच्या ईसीजीत उजवा बंडल ब्लॉक (विद्युतवाहिनीच्या उजव्या फांदीतला अडथळा) असेल तर शक्यता आणखी वाढते, म्हणजे हे आधीच कळण्यासारखं असतं. तरीही त्याची मंजुरी वेगळी मागायची झाली, तर पेशंट तात्पुरत्या पेसमेकरच्या वायरवर आयसीयूत पडून राहतो आणि त्या प्रत्येक दिवसाचं बिल शेवटी ईसीएचएसच भरतं.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडक्यात : बहुतेकांना जांघेत भूल आणि थोडी गुंगी पुरते. झडप उघडताना तात्पुरत्या पेसमेकरने नाडी काही सेकंद १८० ते २०० वर नेतात, म्हणजे हृदय जवळजवळ स्थिर राहतं. सगळं सुरळीत झालं तर दोन-चार दिवसांत डिस्चार्ज. लकवा, जांघेतला रक्तस्राव आणि झडपेच्या कडेने गळती, हे तीन धोके घरच्यांना सहीआधी मराठीत सांगितले जावेत.

घरी आल्यावरचं काम पूर्णपणे सोलापूरचं. विद्युतवाहिनीचा अडथळा काही जणांत उशिरा, घरी गेल्यावर येतो. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला ईसीजी. तीस दिवसांनी इको, मग वर्षाला एक. रक्त पातळ ठेवायचं दुसरं कारण नसेल तर एकटी ॲस्पिरिन बहुधा पुरते. सवयीने दोन-दोन गोळ्या वर्षभर चालू ठेवल्या की रक्तस्रावच वाढतो. दात काढण्याच्या तासभर आधी ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. यातलं एकही काम पुण्याला जाण्यासारखं नाही, आणि यातल्या गोळ्या पॉलिक्लिनिकच्या फार्मसीत असायलाच हव्यात.

सदस्यांच्या पत्नी आणि वीरपत्नी यांचा आजार बऱ्याचदा वेगळा असतो. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली मायट्रल झडप. तिथे टावी नाही, बलून. झडपेचं तोंड दीड चौरस सेंटिमीटरपर्यंत आलं, पाकळ्या लवचिक असल्या आणि अन्ननलिकेतून केलेल्या इकोत डाव्या कर्णिकेत गुठळी नसली, तर इनूए बलूनने चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. बलूनचा आकार सेंटिमीटरमधल्या उंचीला दहाने भागून त्यात दहा मिळवले की येतो : दीडशे सेंटिमीटरच्या बाईला २५ मिमी. त्याची सुरुवात थोड्या लहान मापाने करायची, कारण घाईने पूर्ण फुगवला की पाकळी फाटते आणि बाईला तातडीने ओपन हार्टला न्यावं लागतं. पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन ज्यांना दर तीन आठवड्यांनी लागतं, त्यांचं वेळापत्रक पॉलिक्लिनिकने ठेवावं. कर्णिकांमधल्या पडद्याचं छिद्र डिव्हाइसने बंद करण्याचं कामही याच रेफरलमध्ये बसेल.

तारखा देताना एक स्थानिक गोष्ट लक्षात घ्यावी. आषाढी आणि कार्तिकीच्या आठवड्यांत पंढरपूर, माळशिरस, सांगोल्याचे रस्ते भरलेले असतात. त्या दिवसांत या तालुक्यांतल्या पेशंटना पुण्याची ॲडमिशन देऊ नये.

वर सांगितलेल्या सीटीच्या चिठ्ठीचा आणि इकोच्या पाच आकड्यांचा मराठी-इंग्रजी नमुना आम्ही पॉलिक्लिनिकला विनामूल्य करून देऊ. तो वापरायचा लेखी आदेश मात्र दिल्लीहूनच यावा लागेल. येत्या तिमाहीत तो निघावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
हृदयतपासणीचं काम करणारे सोलापुरातील डॉक्टर व तंत्रज्ञ

प्रत माहितीसाठी : जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, सोलापूर