नंबर गेला, खातं अडकलं

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
सप्रेम नमस्कार.

माझे बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातले निवृत्त माथाडी. 2016 मध्ये यूपीआय आलं तेव्हा ते हसले होते. आज कोपरखैरण्यात वडापावच्या गाडीवरचा डबासुद्धा 'पंधरा रुपये मिळाले' म्हणून ओरडतो, आणि बाबा मजेत स्कॅन करायचे.

गेल्या वर्षी आजीच्या आजारपणात ते सहा-सात महिने पाटणकडे गावी राहिले. तिथं त्यांच्या सिमला रेंज नाही, म्हणून काकांचा फोन वापरला. रिचार्ज फुकट कशाला घालवायचा, हा त्यांचा हिशेब. पण सलग 90 दिवस सिम वापरलं नाही की कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तोच दुसऱ्याला देते. परतल्यावर मी त्या नंबरवर फोन लावला. "कौन?" एक तरुण मुलगा. बिचारा म्हणाला, "आपके बँक के मेसेज मुझे आते हैं."

बँकेत म्हणाले, होम ब्रँचला जा. होम ब्रँचनं आधारचा ओटीपी मागितला. आधारलाही जुनाच नंबर, म्हणजे ओटीपी त्या मुलाला! आधार केंद्रावर अंगठा लावला, तर जन्मभर गोण्या उचलून झिजलेले ठसे मशीन घेईना. चौथ्या खेपेला घेतले. तोवर पेन्शन खात्यात आणि बाबा माझ्याकडे भाजीला पैसे मागतायत. मान खाली घालून.

बंद झालेले आणि दुसऱ्याला दिलेले नंबर बँकांनी दर आठवड्याला तपासून काढावेत, असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं सांगितलंय. 1 एप्रिल 2025 पासून ते लागू आहे. ठीक. त्यानं भलत्याची वाट बंद होईल, पण खऱ्या खातेदाराला आत कोण घेणार? साध्या फोनसाठी 2022 मध्ये आलेलं यूपीआय 123पेसुद्धा नंबरवरच चालतं.

मागणी मोठी नाही. पासबुक आणि माणूस समोर असेल तर नंबर कुठल्याही शाखेत, त्याच दिवशी बदलून मिळावा. ठशांवर अडवू नये. आणि नंबर रद्द झाल्याचं बँकेला कळतंच, तर घरच्या पत्त्यावर एक पत्र टाकायला काय हरकत आहे?

आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी आता दर 28 दिवसांनी बाबांच्या अक्षरात 'रिचार्ज' लिहिलेलं असतं. लाल पेननं.

आपली,
एका खातेदाराची मुलगी, कोपरखैरणे