बंड्या, तुझे गुडघे आणि माझे टक्के

भांडुप, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला, सकाळी परत ऐकला. गुडघ्यांपेक्षा तुला सर्टिफिकेटचंच टेन्शन जास्त आहे. गुडघे बदलायचं ऑपरेशन झाल्यावर अपंगाचं कार्ड जातं का, आणि आपण होऊन सांगायचं की गप्प बसायचं. तुझा मेव्हणा म्हणतोय गप्प बस, कोण बघायला येतंय. फोनवर मी भरकटतो म्हणून टाईप करतोय, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

माझं तुला अर्धवटच माहितीय. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झाला, स्टिरॉइडवर वाचलो, आणि वर्षभराने जांघेत दुखायला लागलं ते थांबेचना. एमआरआयमध्ये एव्हीएन निघालं, म्हंजे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरायला लागतं. उजवा पार गेलेला, डावा सुरुवातीला. २०२३ मध्ये सर्टिफिकेट काढलं, ४५ टक्के अपंगत्व, टेम्पररी, पाच वर्षांचं. खरं सांगतो, त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. आणि दुसऱ्याच आठवड्यात अपंगांच्या डब्यात बसायला जागा मिळाली तेव्हा इतकं बरं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

सवलती भरपूर होत्या, नाही म्हणत नाही. रेल्वेचा पास अर्ध्या किमतीत, बरोबर येणाऱ्यालाही तेवढीच सवलत, म्हणून ही पहिले काही महिने मला दादरपर्यंत सोडून परत जायची. इन्कम टॅक्समध्ये तेव्हाच्या ८०यू कलमाखाली ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांच्या वर असेल तर सव्वा लाख, पण हे फक्त जुन्या टॅक्स रिजिममध्ये बरं का, नवीन घेतलीस तर विसर. एसटीत ७५ टक्के सूट, त्यावर दोनदा गावी जाऊन आलो.

मग २०२४ मध्ये उजवा खुबा बदलला. वॉकर, मग काठी, मग काठी नुसती हातात. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पंगतीला मी एकटा खुर्चीवर नवरदेवासारखा. पण दुखणं गेलं रे. मेट्रोच्या चेकिंगला मशीन ओरडतं, मग डिस्चार्जच्या फाईलमधला इम्प्लांटच्या, म्हंजे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, स्टिकरचा मोबाईलमधला फोटो दाखवतो. तू पण तो कागद जपून ठेव.

तर एक दिवस घाईत काठी घरीच राहिली आणि घाटकोपरपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही! डब्यात नेहमीचे एक काका असतात, दोन्ही कुबड्या, पोलिओ. गर्दी होती, ते दाराशी उभे, मी बसलेलो. ते काही बोलले नाहीत. माझ्या पायाकडे बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागले बस. मी उठलो, ते बसले, आणि मला आठवलं की माझ्या सवलतीच्या कागदावर लिहिलंय की हा माणूस सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही. अरे, मी एकटा पुलाचे जिने चढून आलो होतो.

मग सहा महिने होऊ दिले, चाल बसू दिली, आणि परत तपासणीचा अर्ज केला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, लोकं टक्के वाढवायला येतात, तुम्ही काय कमी करायला आलात का. मागे रांगेत हसले सगळे. आत डॉक्टरांनी सांधा किती वळतो ते मोजलं, ताकद बघितली, चालायला लावलं, डावा पण बघितला. आले २८ टक्के. आपल्याला शाळेत ३५ ला काठावर पास करायचे, इथे बहुतेक सवलतींना पासिंग ४०, म्हंजे मी नापास, आणि आयुष्यात पहिल्यांदा नापास झाल्याचे पेढे घरी नेले. ही म्हणाली, टॅक्सचं काय. बरोबर होतं तिचं, त्या वर्षी हिशोबाने जाणवलं.

आता तुझं. कार्ड आपोआप जात नाही. गुडघा बदलला म्हणून टक्के शून्य होतात असंही नाही, तपासणीच्या दिवशी पाय जे करून दाखवेल त्यावर ठरतं, कोणाचे कमी होतात, कोणाचे फार हलत नाहीत. तुझं सर्टिफिकेट टेम्पररी आहे की कायमचं ते आधी बघ, टेम्पररीवर तारीख असते. टॅक्सच्या वजावटीचं तर सरळच आहे, सर्टिफिकेट संपलं त्या वर्षापर्यंत वजावट, पुढे नवीन आणलं तरच. ऑफिसमध्ये तुला ट्रान्सपोर्ट अलाउन्स मिळतो ना, ठरावीक रकमेपर्यंत टॅक्स नाही तो, तोही पायाच्या अपंगत्वावरच आहे. म्हणून ऑपरेशनची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि नवीन तपासणी कधी करणार हे एका ईमेलमध्ये लिहून एचआरला टाक, तोंडी सांगू नकोस, तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. मी तोंडीच सांगितलं होतं आणि मग वर्षअखेरीला माझ्याकडेच बोट.

मेव्हण्याला एवढं सांग की २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कलम ९१ आहे, खोटेपणाने सवलत घेतली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तू काही खोटं करत नाहीयेस, ऑपरेशनच्या दिवशी तू गुन्हेगार होत नाहीस, घाबरू नकोस. पण चालता यायला लागल्यावर जुना कागद पुढे करत राहिलास की तुझं तुलाच टोचेल, तुला मी चौथीपासून ओळखतो, कॉपी करताना कान लाल व्हायचे तुझे.

आणि उलटंही होतं हं. माझा डावा खुबा पुढे बिघडला तर मी परत अर्ज करणार, त्यात लाज कसली. म्हणून जुने एमआरआय, केसपेपर काहीच टाकून दिलेलं नाही, पलंगाखाली ट्रंकेत आहे सगळं.

खर्चाचं म्हणत होतास. गुडघ्याच्या इम्प्लांटवर सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा आणली, कोबाल्ट क्रोमियमवाला दीड लाखाच्या वर जायचा तो ५४,७२० वर आला, जीएसटी वेगळा. नंतर आकडे थोडे हललेत, पण बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी दाखवा असं सांग आणि बाकीचं पॅकेज कशाचं ते विचार, लाजू नकोस.

माझा वॉकर माळ्यावर आहे आणि कमोडची खुर्ची पण, धुऊन ठेवलीय. शनिवारी टॅक्सीत टाकून आणतो. तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू आहे ना ते आधी कळव, नाहीतर तीन मजले वॉकर घेऊन मी चढणार नाही, २८ टक्के अजून शिल्लक आहेत माझे.

तुझाच,
भाऊ